अनुदान मंजूर, पण अडले कुठे, तेही यादीत लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५ च्या पावसाने आणि पुराने मराठवाड्यात, तसेच सोलापूर पट्ट्यात सीनाकाठी, उभा खरीप गेला. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. तेव्हापासून एकाच गावात दोन विधाने ऐकू येतात. तहसीलमधून सांगतात, वाटप झाले. शेतकरी सांगतो, खात्यात काही आले नाही. बऱ्याच वेळा दोघेही खरे बोलत असतात. पैसे निघालेले असतात, पण पोहोचलेले नसतात, आणि मधे कुठे थांबले हे सांगणारा कागद गावात कुणाकडेच नसतो. आमची मागणी एवढीच आहे की चावडीवर लागणाऱ्या यादीत मंजूर रकमेच्या पुढे आणखी दोन रकाने असावेत: रक्कम जमा झाली का, आणि झाली नसेल तर का नाही.

आधी रकमेचा घोळ. जाहीर झालेले आकडे होते हेक्टरी १८,५०० रुपये कोरडवाहूला, २७,००० हंगामी बागायतीला आणि ३२,५०० बागायतीला. शेतकऱ्याने तेवढेच लक्षात ठेवले. प्रत्यक्षात या प्रत्येक आकड्यात दोन वेगळ्या रकमा आहेत. पहिली, आपत्ती निवारण निधीच्या निकषाप्रमाणे ८,५००, १७,००० आणि २२,५००. दुसरी, रब्बीच्या बी-बियाण्यासाठी हेक्टरी १०,०००. दोन्हींचे आदेश वेगळे, निधी वेगळा, जमा होण्याचा दिवसही वेगळा. मर्यादा तीन हेक्टर असली तरी मूळ निकष दोन हेक्टरचाच आहे, त्यामुळे तिसऱ्या हेक्टरची रक्कमही अनेकांना निराळी येते. समजा एखाद्याचे १ हेक्टर ४० आर सोयाबीन गेले. त्याने १८,५०० प्रमाणे २५,९०० रुपयांचा हिशेब मनात धरलेला असतो. खात्यात आधी ११,९०० येतात. तो तलाठ्याकडे जातो, 'माझे क्षेत्र कापले' म्हणून भांडतो. क्षेत्र कापलेले नसते. १४,००० रुपये दुसऱ्या आदेशाने यायचे बाकी असतात. हे यादीत दोन रकान्यांत लिहिले असते तर निम्मी भांडणे झालीच नसती.

कमी क्षेत्राच्या शेतकऱ्यांनी एक गोष्ट जरूर तपासावी. केंद्राच्या निकषात किमान रक्कमही दिलेली आहे: कोरडवाहूला १,०००, ओलिताला (म्हणजे हंगामी बागायतीला) २,००० आणि बहुवार्षिक पिकाला (म्हणजे बागायतीला) २,५०० रुपये. आठ आर कोरडवाहूचे ८,५०० च्या दराने ६८० रुपये होतात, आणि कुणाच्या नावापुढे ६८० लागले असतील तर तो हरकतीचा मुद्दा आहे.

रक्कम ठरते ती पंचनाम्यावर. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक (तिघांचीही पदनामे आता बदलली आहेत, पण गावात हीच नावे चालतात) यांनी संयुक्त पंचनामा करायचा, ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान असेल तरच ते क्षेत्र धरायचे. कागद सातबाराशी ताडला जातो तिथे पहिली चूक शिरते. डाळिंब किंवा मोसंबीची बाग उभी आहे, पण पीक पाहणीत त्या हंगामाला फक्त आंतरपीक सोयाबीन नोंदले गेले, की २२,५०० चा शेतकरी ८,५०० मध्ये बसतो. विहीर आहे, पण सिंचनाचा स्रोत नोंदलेला नाही, की ओलिताचे क्षेत्र कोरडवाहू होते. ई-पीक पाहणी, म्हणजे ॲपवरून पिकाची नोंद करण्याची सोय, १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू आहे. शेतकऱ्याने स्वतः केलेली नोंद ४८ तासांच्या आत त्याच ॲपमधून दुरुस्त करता येते. पुढे ती बदलायला तलाठ्याच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि नुकसान झाल्यावर केलेल्या दुरुस्तीकडे कोणीही संशयाने पाहतो. म्हणून बांधावर उभे असतानाच पिकाचे नाव, क्षेत्र आणि पाण्याचा स्रोत या तिन्ही नोंदी बघून घ्याव्यात.

दुसरी चूक यादी भरताना होते. पंचनाम्याचा कागद हाताने लिहिलेला, त्यावरून तलाठी सज्जात तक्ता तयार होतो, आणि तो तहसीलमधून संगणकप्रणालीवर चढवला जातो. प्रत्येक शेतकऱ्याला एक विशिष्ट क्रमांक मिळतो, ज्याला सगळे व्हीके नंबर म्हणतात. तो घेऊन सेवा केंद्रावर अंगठा दिला की केवायसी झाली. हा अंगठा देण्याआधी पडद्यावर जे दिसते ते नीट वाचले जात नाही, आणि आमच्या मते सगळ्या साखळीत शेतकऱ्याच्या हातात असलेली सर्वात मोठी संधी तिथेच वाया जाते. नाव, आधारचे शेवटचे चार अंक, गट क्रमांक, बाधित क्षेत्र आणि रक्कम एवढे पाच तपशील तिथे असतात. गट चुकीचा असेल किंवा ०.८० च्या जागी ०.०८ पडले असेल, तर अंगठा देऊन ते मान्य करायचे नाही. तक्रार तिथेच नोंदवायची, म्हणजे ती तहसीलच्या लॉगिनला जाते. दशांश चिन्ह सरकण्याची चूक हेक्टर-आरच्या नोंदीत फार होते, आणि एकदा मान्य केलेली रक्कम वाटून झाल्यावर फरकाची मागणी पुढे सरकवणे अतिशय कठीण आहे.

ज्यांचा अंगठा उमटत नाही असे म्हातारे शेतकरी प्रत्येक गावात आहेत. चुना, खत, खुरपे यांनी बोटांच्या रेषा झिजतात. एकाच बोटाने पंधरा वेळा प्रयत्न करण्यात अर्थ नाही. दहाही बोटे पाहावीत, बोट ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे, तरी जमले नाही तर डोळ्यांच्या स्कॅनचे यंत्र असलेले केंद्र गाठावे. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर बऱ्याच योजनांत ओटीपीवर काम होते. पीएम किसानच्या ॲपमध्ये २०२३ पासून चेहऱ्यावरून केवायसीची सोय आहे. कायमचा उपाय म्हणजे आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे नव्याने घेणे.

आता सगळ्यात जास्त रकमा जिथे अडकतात त्या जागेकडे येतो. ती जागा बँकेतली आहे, पण बँकेतल्या कर्मचाऱ्यालाही ती पुष्कळदा माहीत नसते. शेतकरी पासबुकाची झेरॉक्स देतो आणि समजतो की पैसे त्या खात्यात येणार. आधारवर आधारित वाटपात पासबुकावरचा खाते क्रमांक वापरलाच जात नाही. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाकडे एक नोंदवही आहे, तिला मॅपर म्हणतात. त्यात आधार क्रमांकापुढे फक्त एका बँकेची ओळख असते, खाते क्रमांक नसतो. पैसे त्या बँकेकडे जातात, आणि त्या बँकेत आधारला जे खाते जोडलेले असेल त्यात जमा होतात. यावरून तीन गोष्टी निघतात. ज्या बँकेने सगळ्यात शेवटी सीडिंग (मॅपरमध्ये आधारची नोंद) केले तीच मॅपरमध्ये राहते. सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेले, शेतकऱ्याला आठवतही नसलेले पेमेंट बँकेचे खाते मॅपरमध्ये बसलेले असू शकते. एकाच बँकेत जनधनचे एक आणि पीककर्जासोबतचे दुसरे अशी दोन खाती असतील, तर पैसे कुठल्या खात्यात पडायचे हे त्या बँकेच्या नोंदीवर ठरते. आणि 'खात्याला आधार लिंक आहे' याचा अर्थ 'मॅपरमध्ये सीडिंग आहे' असा होत नाही. केवायसीसाठी आधार जोडणे वेगळे, अनुदानासाठी सीडिंगची संमती देणे वेगळे. बँकेत जाताना 'आधार लिंक करा' म्हणू नये. 'अनुदानासाठी आधार सीडिंगचा फॉर्म द्या' म्हणावे, आणि भरून दिल्याची पोच घ्यावी.

तपासायची रीत सोपी आहे. आधारला जोडलेल्या मोबाइलवरून *९९*९९*१# लावले की आधार क्रमांक विचारतो आणि कुठली बँक जोडलेली आहे ते सांगतो. आधारच्या संकेतस्थळावरही बँक सीडिंगची स्थिती दिसते, बँकेचे नाव आणि ते सुरू आहे की बंद यासह. त्याहून सोपी खूण म्हणजे पीएम किसान. २,००० चा हप्ता ज्या खात्यात नियमित येतो, अतिवृष्टीचे पैसेही बहुधा त्याच खात्यात येणार. तो हप्ता येतो आहे, त्या खात्यात दुसरे काही नाही, तर दोष आधारचा नाही. दोष यादीत, केवायसीत किंवा निधीत आहे. मग बँकेत चार चकरा मारण्यापेक्षा तलाठ्याला व्हीके नंबर विचारलेला बरा. पीएम किसानचा हप्ताही बंद असेल तर आधी स्टेटसमध्ये जमिनीची नोंद, केवायसी आणि आधार-बँक सीडिंग या तिन्हींपुढे 'होय' आहे का ते पाहावे. प्राप्तिकर भरणाऱ्या कुटुंबाला किंवा दरमहा १०,००० आणि त्यावर निवृत्तिवेतन असणाऱ्याला पीएम किसान मिळत नाही, पण म्हणून त्याची नुकसानभरपाई थांबत नाही. हे दोन निकष गावात सर्रास एकमेकांत मिसळले जातात.

रक्कम परत जाण्याची कारणे मोजकीच असतात, आणि ती वाटपाच्या फाइलमध्ये प्रत्येक नावापुढे परत येतात. आधार मॅपरमध्ये नाही. खाते बंद. खाते निष्क्रिय. खाते गोठवलेले. खात्याच्या जमा मर्यादेपेक्षा रक्कम जास्त. शेवटचे कारण शेतकऱ्याला कळतच नाही: नुसत्या फोटोवर, पुरेशा कागदांविना उघडलेल्या 'लहान खात्या'त वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही. कारखान्याचे उसाचे बिल त्याच खात्यात येऊन ही मर्यादा भरली की पुढचे अनुदान अडू शकते. केवायसी पूर्ण करून खाते नियमित केले की अडचण संपते. खाते निष्क्रिय होण्याचे कारण तर साधे आहे. दोन वर्षे शेतकऱ्याने स्वतःहून त्यात व्यवहार केलेला नसतो. सरकारी योजनांच्या खात्यांना हा शिक्का लावू नये, असे रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२४ पासून बजावले आहे. शाखेत हे सांगून खाते सुरू करून घ्यावे, त्यासाठी दंड द्यायचा नसतो.

परत गेलेली रक्कम आपोआप पुन्हा येत नाही. दुरुस्ती झाली हे तहसीलला कळायला हवे आणि तिथून ती पुन्हा पाठवली जायला हवी. शेतकरी सीडिंग करून घरी वाट पाहत बसतो, तहसीलमध्ये त्याचे नाव अयशस्वी यादीत पडून राहते, आणि पुढचा हंगाम उजाडतो. म्हणूनच कारणाचा रकाना हवा. कारण फाइलमध्ये आहे. फक्त ते गावापर्यंत येत नाही.

बँकेच्या होल्डबद्दलही लिहायला हवे. खात्यात रक्कम आली आणि शाखेने थकीत पीककर्जापोटी ती अडवून धरली, हे दर आपत्तीनंतर घडते. मदतीच्या रकमेतून कोणतीही वसुली करू नये, असे कलम मदतीच्या शासन निर्णयातच असते. शाखाधिकाऱ्याकडे तोंडी विनवणी न करता त्या शासन निर्णयाची प्रत जोडून लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि एक प्रत तहसीलदारांना, एक जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांना द्यावी. लेखी अर्ज गेला की होल्ड निघतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

सामाईक खातेदार आणि वारस हा सगळ्यात दुखरा भाग आहे. सातबारावर चार भावांची नावे आणि 'सामाईक क्षेत्र' म्हणून एकच आकडा असेल तर कोणाच्या नावे किती लावायचे, हे तलाठ्याला ठरवता येत नाही. इतरांचे नाहरकत पत्र असेल तर रक्कम एकाला मिळते. एक भाऊ पुण्यात, एकाशी बोलणे नाही, की चौघांचेही अडते. २०२३ च्या खरिपातील कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५,००० रुपये दिले गेले तेव्हाही अनेकांचे अर्ज या नाहरकतीवरच थांबले होते. मयताचे नाव सातबारावर असेल तर रक्कम मयताच्या नावे मंजूर होते आणि कुणालाच मिळत नाही. वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्या करता येतो. मृत्यू दाखला, वारसांचे स्वयंघोषणापत्र आणि आधार लागतात, नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत संपली की मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. २०२५ च्या 'जिवंत सातबारा' मोहिमेत हे काम बऱ्यापैकी झाले, पण ज्या घरात वाटणीचा वाद आहे तिथे ते तसेच राहिले. सरकारने निदान एवढे करावे: नाहरकत मिळत नसेल तिथे हिस्सा समान धरून ज्याने केवायसी केली त्याला त्याचा वाटा द्यावा आणि उरलेला राखून ठेवावा. वाद मिटेपर्यंत चौघांनाही कोरडे ठेवण्याचे काही कारण नाही.

शेतकरी ओळख क्रमांक ज्यांच्याकडे आहे त्यांना वेगळी केवायसी नको, हा या वेळचा निर्णय चांगला होता. अंगठ्याच्या रांगा त्याने कमी झाल्या. पण हा क्रमांक काढताना शेतकऱ्याने जेवढे गट जोडले तेवढेच त्यात असतात. शेजारच्या गावातला गट, सासरकडून आलेली जमीन, दुसऱ्या तालुक्यातले वडिलोपार्जित दीड एकर राहून गेले असेल, तर त्या गटाचे नुकसान क्रमांकाशी जुळत नाही. क्रमांक आहे म्हणून निर्धास्त न राहता आठ-अ चा उतारा (खातेदाराच्या गटांची यादी) समोर ठेवून एकेक गट ताडून पाहावा.

या यादीचा दुसराही उपयोग आहे. जालना जिल्ह्यातील अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत २०२२ ते २०२४ च्या अनुदान वाटपात बोगस लाभार्थी दाखवल्याचे २०२५ मध्ये चौकशीतून पुढे आले आणि तलाठी निलंबित झाले. असा प्रकार गावाला कळण्यासाठी लेखापरीक्षक लागत नाही. यादी गटवार लावली तर कोणीही शाळकरी मूल बेरीज करू शकते: एका गटाखालच्या सगळ्या लाभार्थ्यांचे क्षेत्र त्या गटाच्या लागवडीयोग्य क्षेत्रापेक्षा जास्त भरले, की यादी चुकली. पोटखराबा (गटातली लागवडीला न येणारी जमीन) आधी वजा करावा. आजच्या याद्या नावाच्या क्रमाने लागतात, किंवा लागतच नाहीत; त्यामुळे ही बेरीज करायला कोणाला जागाच मिळत नाही.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये अनुदान योजनांची अंमलबजावणी, वाटलेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कोणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करण्याची तरतूद आहे. त्यासाठी शेतकऱ्याला दहा रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज करायला लावणे योग्य नाही. आधार क्रमांक आणि पूर्ण खाते क्रमांक अर्थातच छापू नयेत. गट क्रमांक, खातेदाराचे नाव, बाधित क्षेत्र, कोरडवाहू-ओलीत-बहुवार्षिक यांपैकी काय, निकषाची रक्कम, बी-बियाण्याची रक्कम, जमा झाल्याची तारीख, बँकेचे नाव, आणि जमा नसल्यास कारण मराठीत, एवढे नऊ रकाने पुरेत. प्रत्येक वाटपानंतर पंधरा दिवसांत ही यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी, ग्रामसभेत वाचली जावी, आणि अयशस्वी नावांची दुरुस्ती करून रक्कम पुन्हा पाठवण्याची जबाबदारी तहसीलमधल्या एका नेमलेल्या अव्वल कारकुनाकडे असावी, ज्याचे नाव आणि कार्यालयीन दूरध्वनी यादीच्या तळाशी छापलेला असेल. रब्बीच्या बियाण्याचे पैसे पेरणी उलटून गेल्यावर आले तर ते बियाण्याला उपयोगी पडत नाहीत, सावकाराच्या व्याजात जातात. यंदाच्या खरिपाचे पंचनामे सुरू होण्याआधी हा आदेश निघावा.

आपले,
आपले सरकार सेवा केंद्रांतून अनुदानाचे काम करणारे काही केंद्रचालक,
मराठवाडा